आवड विकायला काढावी का?

"नोकरी सोडू की नको, एवढेच सांगा. बाकीचे मी पाहून घेतो." विमा कंपनीत १४ वर्षे दावे तपासण्याचे काम केलेल्या आणि माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका ४१ वर्षांच्या गृहस्थांनी पहिल्या भेटीत खुर्चीवर बसता बसता हे वाक्य उच्चारले. (हा अनुभव त्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना सुतारकामाची आवड होती. गेली सात वर्षे संध्याकाळी घरी आल्यावर मागच्या खोलीत ते रंधा आणि पटाशी घेऊन बसत, आणि त्यांनी केलेल्या वस्तू पाहून भेटेल तो माणूस त्यांना "तुम्ही यातच पडा" असे सांगत असे.

अशा प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देत नाही, कारण त्या निर्णयाचे परिणाम विचारणाऱ्याला आणि त्याच्या घराला भोगायचे असतात. मी त्यांना एवढेच विचारले, "गेल्या आठवड्यात लाकडाला किती वेळ हात लावलात?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की दोन महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने एकसारख्या बारा स्टुलांचे काम दिले होते, पैसेही ठरल्याप्रमाणे मिळाले, पण बारावे स्टूल पोहोचवून आल्यावर त्यांनी त्या खोलीला जी कडी घातली ती अजून काढलेली नव्हती. "आवड खरी असती तर बारा स्टुलांत संपली असती का?" नोकरीचा प्रश्न वरवरचा होता. त्यांना पोखरणारी शंका ही होती आणि ती फार जणांना छळते.

मी त्यांना १९७३ सालचा एक प्रयोग सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली होती. काही मुलांना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधीच सांगितले, काहींना चित्र काढून झाल्यावर अनपेक्षितपणे बक्षीस दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण मोबदला हातात पडल्याने आवड विटते असे यातून निघत नाही; आपण हे मोबदल्यासाठीच करतो आहोत असे मनाला पटले की ती विटू लागते. मी विचारले, "त्या स्टुलांचे माप, लाकूड, रंग, मुदत यांतले तुम्ही काय ठरवले होते?" ते म्हणाले, "काहीच नाही."

पुढचे सहा आठवडे नोकरीचा विषय बाजूला ठेवायचा, खोलीची कडी काढायची, दुसऱ्यांची लहानसहान कामे घ्यायची, स्वतःचेही काहीतरी करायचे आणि रोज वहीत तीन गोष्टी लिहायच्या असे आम्ही ठरवले: हातात काय होते, त्यातले निर्णय कोणाचे होते आणि घड्याळाकडे किती वेळा पाहिले. ती वही मला आजही आठवते. भिंतीवरच्या नव्या फळ्यांच्या कामापुढे "चार वेळा घड्याळ पाहिले" अशी नोंद होती. शेजारच्या बाईंच्या वडिलांच्या जुन्या खुर्चीविषयी त्यांनी लिहिले होते, "मागचा पाय डुगडुगतो. जुना सरस सुटत नव्हता. कोमट पाण्याची पट्टी ठेवून थांबलो. साडेअकरा कधी वाजले कळले नाही." अशा नोंदी पुढेही येत राहिल्या. मोडलेल्या वस्तूचे दुखणे शोधणे, ती ज्याची आहे त्याच्याशी बोलणे आणि तिला पुन्हा वापरात आणणे यांत त्यांचा जीव रमत होता. नव्या वस्तू एकामागून एक तयार करण्याची ओढ त्यांना फारशी नव्हतीच. कौतुक त्या वस्तूंचे होत असे, म्हणून तेही स्वतःला तसेच समजत आले होते.

वहीतून दुसरीही गोष्ट उघड झाली. ते दर सांगताना कचरत, कमी सांगत आणि मग काम करताना मनातल्या मनात चिडत. यावर आम्ही दोन पूर्ण भेटी खर्च केल्या आणि त्या वाया गेल्या असे मला मुळीच वाटत नाही. आवडीच्या कामाचे पैसे मागताना चांगल्या चांगल्यांची जीभ अडखळते, कारण ज्या कामाने आपल्यालाच सुख दिले त्याचे वेगळे मोल कशाला, असे आतून वाटत असते. त्यांनी आजवर फक्त हत्यार हातात असतानाचे तास मोजले होते. वस्तू पाहायला जाणे, सामान आणणे, ग्राहकाशी बोलणे, काम पोहोचवणे हे सारे मांडल्यावर दर दहा तासांतले जेमतेम सहा तास प्रत्यक्ष लाकडावर जात असल्याचे दिसले. उरलेले चार तास सोसण्याची आपली तयारी आहे का, हे आवड किती खोल आहे या प्रश्नाइतकेच निकडीचे असते.

पुढच्या भेटीला त्यांच्या पत्नीही आल्या. "मॅडम, मी आडवी येते असे ह्यांना वाटते. मला फक्त किती दिवस, ते कळू दे," असे त्या म्हणाल्या. हा विरोध नव्हता, हिशेब होता, आणि तो त्यांच्याआधी कोणीच मांडला नव्हता. आठ महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढायचा, कंपनीकडे कमी दिवसांच्या कामाची विनंती करायची, दीड वर्षाने पुन्हा बसून आढावा घ्यायचा आणि दर महिनाअखेरीस जमाखर्च दोघांनी मिळून पाहायचा असे ठरले. नोकरी टिकवून धंदा सुरू करण्यात धाडस कमी पडते अशी समजूत आहे. मात्र अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नोकरी सांभाळत सुरुवात करून मग पूर्णवेळ धंद्यात उतरलेल्यांचा धंदा बुडण्याची शक्यता, एकदम नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली होती.

वाटेत एक वळण काळजीचे आले. कामे वाढली तसे ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत बसू लागले आणि खोलीबाहेर असले की अस्वस्थ होऊ लागले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ व्हॅलेरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली आवडीचे दोन प्रकार मांडले: एक बाकीच्या आयुष्याशी जुळवून घेणारी, दुसरी माणसाला पछाडणारी. दुसरीची चिन्हे दिसताच आम्ही कामांची संख्या ठरवून घेतली आणि आठवड्यातले दोन दिवस खोली बंद ठेवली.

सर्वांनीच हा मार्ग धरावा असे मी सांगत नाही. गाण्याची आवड असलेल्या एका बाईंनी अशीच वही ठेवली आणि गाणे कधीही विकायचे नाही असे ठरवले. त्या आनंदात आहेत.

हे गृहस्थ आज आठवड्यातले तीन दिवस नोकरी करतात आणि दुरुस्तीच्या कामातून घराच्या गरजेचा निम्म्याहून थोडा अधिक भाग भागवतात. नोकरी पूर्ण सोडण्याचा विषय दीड वर्षाच्या आढाव्यात निघाला होता. दोघांनी तो तूर्त मिटवला. त्यांच्या खोलीत विकायला न काढायच्या वस्तूंची एक फळी आहे. मागच्या भेटीला त्यांनी त्या फळीवरची हातभर लांबीची एक पेटी दाखवायला आणली होती. झाकण उघडून, मिटून, पुन्हा उघडून ते म्हणाले, "या कोपऱ्यात अजून जरा घासते. होईल सावकाश, ही कोणाला द्यायची नाही."