बाटली बेसिनमध्ये ओतल्यानंतर

सप्रेम आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. बत्तिसाव्या पानावर नायिका दारूची बाटली बेसिनमध्ये ओतते, ढसाढसा रडते आणि लगेच पुढच्या सीनमध्ये न्हाऊनमाखून मुलीचा डबा भरते. अगं, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना फिट येते, भास होतात, जीवावरही बेततं. म्हणून डॉक्टर लागतो. रडणं काढून टाक. डब्याचं झाकण तिच्याच्याने लागत नाहीये, एवढं दाखव.

आणि डॉक्टरकडे भरती व्हायचं तर मुलीला कुठे ठेवायचं? एकट्या बाईची खरी गोची इथे आहे, आणि तुझ्या पटकथेत तिचा पत्ताच नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या ‘निशिगंध’मध्ये जा. बायकांसाठीचा वेगळा विभाग आहे. परवानगी काढून जा, वही बाहेर ठेव, नुसतं ऐक.

‘टू लेस्ली’ (२०२२) हा सिनेमा बघ. पश्चिम टेक्ससमधली एकटी आई लॉटरीत १,९०,००० डॉलर जिंकते आणि दारूत घालवते. सहा वर्षांनी बेघर होऊन मुलाच्या दारात उभी राहते. त्याची अट एकच, प्यायचं नाही. ती पितेच. तो तिला घराबाहेर काढतो, आणि आपल्याला त्याचा राग येत नाही. पुढे ती मोटेलच्या खोल्या साफ करते, तिथून काय ते सुरू होतं. लेस्ली झालेल्या अँड्रिया राइझबरोच्या ऑस्कर नामांकनावरून झालेला गदारोळ सोडून दे. शूटिंग १९ दिवसांत उरकलंय, तेव्हा बजेटचं रडगाणं मला ऐकवू नकोस.

तुझ्या पटकथेतली मुलगी मात्र आईला फार लवकर माफ करते. माझे वडील प्यायचे. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून आम्ही भावंडं ओळखायचो, आज कसे आलेत ते. त्यांनी सोडल्यावर दोन वर्षं झाली तरी आई शर्ट धुवायला टाकताना आधी वास घ्यायची, मग खिसे तपासायची. वडील समोर बसून पेपर वाचत असायचे. बघायचे, काही बोलायचे नाहीत. तुझी मुलगी आईच्या कुशीत शिरते तेव्हा आधी काय करेल, याचा विचार कर.

दुसरा ड्राफ्ट गणपतीआधी पाठव. आणि मुलीचं वय एकदा ठरव बाई, दहाव्या पानावर ती नऊ वर्षांची आहे, साठाव्यावर सात.