स्वालबार्डला उलट्या स्वभावाचा जोडीदार चालेल, आधी व्हिसाचं बघा

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, राग मानू नका. तुम्ही एक्सेल शीट करणारे, मित्र अल्ट्रा मॅरेथॉन धावणारा आणि "तिथे गेल्यावर बघू" म्हणणारा, एप्रिलमध्ये स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवर, स्कीवर पल्क (सामानाची बर्फावरची घसरगाडी) ओढत न्यूटनटॉपेन शिखरापर्यंत जायचंय आणि प्रश्न असा की स्वभाव इतके उलटे असताना एकत्र जावं का. आमची जोडी डिट्टो अशीच. मी यादीवाली, मैत्रीण कोल्हापूरची, तिला यादी दाखवली की जांभया येतात. कपडे, बूट, स्कीचा सराव हे सगळं तुम्ही वाचलंच असणार, त्यात शिरत नाही.

माझं मत, बिनधास्त एकत्र जा. स्वभावावरून फार बिघडत नाही, वेगावरून बिघडतं. रॅनल्फ फाइन्स आणि माइक स्ट्राउड हे दोन ब्रिटिश साहसवीर बघा ना, १९९२-९३ ला अंटार्क्टिकावर बाहेरची कुठलीही मदत न घेता ९५ दिवस चालले, सुरुवातीला प्रत्येकाच्या मागे दोनशे किलोच्या वर ओझं. फाइन्स माजी सैनिक, स्ट्राउड डॉक्टर आणि तोही असा की उपासमारीत शरीराचं काय होतं याचा अभ्यास स्वतःवरच करत चाललेला. रोज ५००० कॅलरीच्या वर खाऊन दोघांचं वजन वीस-वीस किलोहून जास्त उतरलं. आणि धुसफूस कशावरून, तर कोण किती जोरात चालतंय यावरून! तरी २००३ मध्ये फाइन्सची बायपास होऊन काही महिने झाले होते तेव्हा हेच दोघं सात दिवसांत सात मॅरेथॉन धावले, म्हणजे बघा.

तर तुमचा धावणारा मित्र पुढे सुटेल, घामाघूम होईल, मग तुमची वाट बघत उभा राहील आणि तोच घाम अंगावर गार पडेल. तिथे तो प्रकार महागात पडतो. त्याच्या पल्कमध्ये तंबू आणि इंधन टाका, तुमचा हलका ठेवा, आणि पुढे कायम हळू चालणाऱ्याने चालायचं. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून. दुसरं म्हणजे साधारण २० एप्रिलनंतर तिथे सूर्य मावळतच नाही. सह्याद्रीत अंधार पडला की भांडण आपोआप मिटतं, मुक्काम ठोकावाच लागतो. तिथे रात्री दहाला लख्ख ऊन आणि जोडीदार म्हणतो अजून तासभर मारू. आमचा नियम होता, दोघींपैकी जी आधी "बास" म्हणेल तिचं ऐकायचं, कारण विचारायचं नाही. हे इथे पुण्यातच ठरवून जा.

आता खरं दुखणं. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) नाही. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण तुम्ही ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरून जाणार आणि परतही तिथूनच येणार, म्हणजे एकदा शेंगेनच्या बाहेर पडून पुन्हा आत. डबल किंवा मल्टिपल एंट्रीच पाहिजे. आम्ही दोघींनी एकच आयटिनररी लावून अर्ज दिले, व्हिसाचं काम घेणाऱ्या एका कचेरीत (नाव घेत नाही, सगळ्यांना माहितीय तिथे कसं चालतं), तर मैत्रिणीच्या वेळेला काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम स्वालबार्ड नॉर्वेतच येतं, डबल कशाला", आणि तिच्या फॉर्मवर स्वतःच सिंगल करून टाकलं. पासपोर्ट आले तेव्हा मला मल्टिपल, तिला सिंगल. फोन केला तर म्हणे निर्णय दूतावासाचा, आम्ही फक्त कागद पुढे पाठवतो. दूतावासाला मेल केला तर उत्तर आलं की सेंटरमधूनच या. सेंटर म्हणे नवीन अर्ज करा, नवीन फी भरा, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात आमचं विमान होतं हो! गाइड कंपनीचं डिपॉझिट गेलं, तिकिटं गेली, तो अख्खा सीझन गेला, आणि ज्याने टिक केली तो तिथेच बसून पुढच्या माणसाला टोकन देतोय. मैत्रीण म्हणत होती चल जाऊ, ऑस्लोला बघून घेऊ, मी ठाम नाही म्हटलं, त्यावरून आमचं जे वाजलं ते बर्फावर कधी वाजलं नाही.

पुढच्या वर्षी कामं वाटून घेतली. कागद मी केले, काउंटरवर ती बसली, नॉर्वेच्या सरकारी साइटवरचं पान छापून समोर ठेवलं आणि टिक बरोबर पडेपर्यंत खुर्चीतून हललीच नाही. मी असते तर "बरं बरं" म्हणून उठले असते. म्हणून सांगते, मित्राला काउंटरवर पाठवा, पण फाइल तुम्ही लावा.

लॉन्गइयरब्येन या तिथल्या मुख्य गावाच्या आसपासचा भाग सोडून पुढे जाणाऱ्या बाहेरच्या लोकांना स्वालबार्डच्या गव्हर्नरच्या ऑफिसला आधी कळवावं लागतं आणि शोध-बचावाचा विमा दाखवावा लागतो. साधी ट्रॅव्हल पॉलिसी तिथे चालेल असं धरून चालू नका. ध्रुवीय अस्वलाला पळवायचं साधन लागतं, बंदूक भाड्याने घ्यायची तर परवाना वेगळा. गाइड असेल तर हे बरंचसं तोच बघतो, आणि पहिल्यांदा जाताय तर गाइड घ्याच, यावर मी वाद घालणार नाही. अस्वलांसाठी रात्रीचा पहारा पाळीपाळीने असतो, निशाचर मित्राला मधली पाळी द्या. (मी एजंट नाही, नियम बदलतात, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर स्वतः वाचा.)

बाकी किरकोळ. वापरलेला स्टोव्ह विमानात अडवतात, धुऊन पुसून इंधनाचा वास पूर्ण घालवा, इंधन तिकडेच घ्या. पल्कऐवजी टायर ओढायचा सराव तळजाई टेकडीवर पहाटे करा, सात वाजले की काका लोक थांबवून विचारतात पंक्चर झालंय का. आणि डिंकाचे लाडू न्यायचे असतील तर घरीच फोडून चुरा करून पिशव्या भरा, उणे वीसमध्ये अख्ख्या लाडवाला मैत्रिणीने दात लावला आणि दाढेचं फिलिंग निघालं, त्यानंतर उरलेली ट्रिप ती एका बाजूने चावत होती आणि लाडू आणल्याबद्दल माझ्या यादीला शिव्या घालत होती.