सगळेच बग ‘अर्जंट’ असतील तर आधी काय बदलावं

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: इंदूरची सहा जणांची टीम, बिलिंगचं अ‍ॅप, गिऱ्हाईक सियागंज बाजारातले व्यापारी आणि सराफ्यात रात्री उशिरापर्यंत चालणारे खाण्याचे ठेले. बग, म्हणजे अ‍ॅपमधल्या चुकांच्या तक्रारी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, तिथून एक्सेलमध्ये चढतात, आणि शीटमधल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर ‘अर्जंट’ लिहिलेलं असतं. बग नोंदवायला टूल कोणतं घ्यावं, असं विचारलंय. टूलचं नंतर बघू. आधी त्या ‘अर्जंट’च्या एका रकान्याचे दोन करा: सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी.

सिव्हिरिटी म्हणजे नुकसान किती. ती टेस्टरने लावायची. प्रायॉरिटी म्हणजे आधी काय हातात घ्यायचं. ती धंदा सांभाळणाऱ्याने. दोन्हींत १ म्हणजे सगळ्यात वरचं. दोन्ही एकच माणूस भरायला लागला की दोन्हीकडे तोच आकडा पडतो. बिलावर दुकानाचं नाव चुकीचं छापलं जातंय: सिव्हिरिटी ४, प्रायॉरिटी १. वर्षअखेरीचा रिपोर्ट उघडला की अ‍ॅप बंद पडतं, पण सध्या जून चालू आहे: सिव्हिरिटी २, प्रायॉरिटी ३.

सिव्हिरिटीच्या पातळ्या चारच ठेवा. १: डेटा गेला, पैशाचा आकडा चुकला किंवा बिलच निघत नाही. २: एखादं मोठं काम होतच नाही. ३: होतं, पण आडवाटेने. ४: नुसतं दिसण्यापुरतं. गुपचूप चुकीचा आकडा देणारा बग मी नेहमी अ‍ॅप बंद पाडणाऱ्या बगच्या वर ठेवीन. अ‍ॅप बंद पडलं तर लगेच फोन येतो. टॅक्स चुकला तर रिटर्न भरताना कळतं, आणि तोवर शेकडो बिलं निघून गेलेली असतात.

खरी मेहनत नोंदीत आहे. ‘सॉफ्टवेअर बंद हो गया’ याचा अर्थ प्रिंटरमधला कागद संपला, नेट गेलं किंवा लॉगिन उडालं, काहीही असू शकतो. सपोर्टवाल्याने गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं लिहावं. त्याखाली अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, नेमकी वेळ, क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. एका तिकिटात, म्हणजे एका नोंदीत, एकच बग.

वेळेचा रकाना तर कधीच सोडू नका. समजा, तक्रार आली की ‘कभी-कभी बिल की तारीख गलत आती है’. डेव्हलपर दुपारी तपासतो, तारीख बरोबर येते, ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून तिकीट बंद होतं. आता तीनचार तक्रारींच्या वेळा शेजारी मांडा: सगळ्या रात्री बारानंतरच्या, सगळ्या सराफ्यातल्या. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंतच्या बिलांवर सर्व्हर आदल्या दिवसाची तारीख टाकतो. सियागंजची दुकानं तेव्हा बंद असतात, म्हणून तिकडून एकही फोन येत नाही. आणि ३१ मार्चच्या रात्री हाच बग बिल चुकीच्या आर्थिक वर्षात टाकतो, म्हणजे सिव्हिरिटी थेट १.

स्थिती आणि निकाल हेही वेगळे ठेवा. १९९८ मध्ये मोझिलाकडून आलेल्या बगझिला या बग नोंदवायच्या टूलमध्ये ही विभागणी आहे आणि ती अजून उपयोगी पडते. स्थिती: नवीन, खात्री झाली, काम सुरू, दुरुस्त, तपासून बंद. निकाल: दुरुस्त केलं, डुप्लिकेट, पुन्हा घडवता आलं नाही, करणार नाही, बग नाही. डुप्लिकेट उडवू नका, मूळ तिकिटाला जोडा. किती गिऱ्हाइकांना त्रास आहे हे त्यावरूनच कळतं आणि प्रायॉरिटी हलवायला तोच आधार असतो. ज्याने दुरुस्ती केली त्याने तिकीट बंद करायचं नाही. बंद करणाऱ्याने कोणत्या आवृत्तीवर तपासलं ते लिहावं. तोच बग परत आला तर जुनं तिकीटच उघडायचं.

नवीन तिकिटांची छाननी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, सपोर्ट, टेस्टर, एक डेव्हलपर आणि मालक मिळून. सिव्हिरिटी १ मात्र या बैठकीची वाट बघणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करायची गरज नाही. तिथे बग आला की सपोर्टवाल्याने तिकीट करून नंबर टाकायचा. नंबर नसलेल्या कामाला डेव्हलपर हात लावणार नाही, आणि कमिटच्या (कोडमधला बदल जतन करतानाच्या) मेसेजमध्येही तोच नंबर लिहील. एवढ्याला गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवरचे इश्यू (तिकिटं) आणि लेबलं पुरतात. जिरा हे मोठं टूल घ्यायचं तर त्याची मांडणी सांभाळणारं एक माणूस आधी ठरवा. एक्सेलमधलं सगळं उचलून आणू नका; चालू आवृत्तीवर अजून घडतात तेवढेच बग नव्याने नोंदवा आणि जुनी शीट फक्त वाचण्यापुरती ठेवा.