कपाटातले कापड आणि अर्धवट गोधड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गोधड्या शिवू लागले. प्रदर्शनांतून हौसेने आणलेले अजरख आणि कलमकारी, शिवाय हळदीकुंकवात मिळालेले ब्लाउजपीस यांनी आता कपाटाचे तीन कप्पे भरले आहेत. तीन गोधड्या सुरू करून अर्धवट राहिल्या आहेत. नवे कापड पाहिले की घ्यावेसे वाटते, मशीनवर मात्र बसावेसे वाटत नाही. हा साठा कसा संपवावा आणि शिवण्याची इच्छा कशी टिकवावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : साठा का संपत नाही, हे आधी हिशेबाने पाहू. एका माणसाच्या गोधडीचे माप साधारण ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब धरले आणि वरचा भाग ५ इंची चौकोनांचा करायचा ठरवला, तर २१६ चौकोन लागतात. प्रत्येक बाजूला पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, धरून चौकोन साडेपाच इंचांचा कापावा लागतो. ४४ इंच पन्ह्याच्या ८० सेंटिमीटर ब्लाउजपीसमधून किनार सोडून असे ३५ चौकोन निघतात. म्हणजे अख्ख्या गोधडीचा दर्शनी भाग अवघ्या सात ब्लाउजपीसांत होतो. आपण महिनोन्महिने खपून सुंदर चौकोन जोडतो आणि कपाटातून एक छोटी चळत तेवढी कमी होते.

कापड खरे खपते ते खालच्या थरांत. त्याच मापाच्या एका अखंड थराला, दोन पन्हे जोडून, जवळजवळ ५ मीटर कापड लागते. आपल्याकडच्या जुन्या गोधडीत कापसाचा किंवा तयार वॅडिंगचा, म्हणजे पोटात घालायच्या विकतच्या मऊ भरणीचा, थर नसे. पोटात लुगडी आणि धोतरेच असत. तीच पद्धत आपण नव्या कापडासाठी वापरावी. अस्तराचा एक आणि पोटातले दोन असे तीन थर घेतले, तर दर्शनी भागाखाली १५ मीटर कापड जाते. म्हणून माझा सल्ला असा की, साठा संपवण्यासाठी नवनव्या नक्षींच्या शोधात राहू नये. विकतचे वॅडिंग बंद करून आपलेच कापड पोटात घालावे.

पोटात काय जावे, हे ठरवणे सोपे आहे. एके काळी आवडलेले आणि आता नकोसे झालेले सुती कापड तेथे जावे. चार वर्षांपूर्वी भुरळ पाडणारा भडक छाप आज पाहवत नसेल, तर तो कापून चौकोनांत मिरवण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. पोटातला थर अखंड असण्याचीही गरज नसते; तुकड्यांच्या कडा अर्धा इंच एकमेकींवर ठेवून सपाट टाचल्या तर गाठी जाणवत नाहीत. दर्शनी भागाच्या लगेच खाली मात्र फिकट रंगाचाच थर असावा, कारण गडद छाप पातळ कापडातून वर दिसतो.

हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस वापरण्यापूर्वी पारखून घ्यावेत. त्यांतले बरेच मिश्र धाग्याचे असतात. दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून जाळावेत : सुती धागा कागदासारख्या वासाने जळून त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झालेले कापड गोधडीत घालू नये. ते थरांत सरकते आणि त्यातून हवा खेळत नाही. त्याच्या पिशव्या शिवाव्यात, किंवा ते सरळ देऊन टाकावे. ब्लाउजपीसची पुढच्या हळदीकुंकवाकडे होणारी यात्रा आपल्याला काही नवी नाही!

अजरख आणि कलमकारी कापण्यापूर्वी धुवावेच लागेल. पांढरा ओला रुमाल लाल, निळ्या आणि काळ्या भागांवर घासून पाहावा. रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते कापड वेगळे धुवावे. मिठाच्या पाण्यात भिजवले की कोणताही रंग पक्का होतो, या समजावर विसंबून राहू नये. धुण्याने कापड आधीच आटते हा दुसरा लाभ. एरवी वेगवेगळे थर पहिल्या धुण्यात वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि गोधडीला चुण्या पडतात.

आता इच्छेविषयी. आपल्याला शिवण्याचा कंटाळा आला आहे, असे मला वाटत नाही. तीनही गोधड्या कोठे थांबल्या आहेत, ते पाहावे. बहुतेक गोधड्या वरचा भाग जोडून झाल्यावर, थर एकावर एक अंथरण्याच्या वेळी थांबतात, कारण त्या कामाला रिकामी जमीन, गुडघ्यांची साथ आणि दुसऱ्या माणसाचे हात लागतात. हे काम एकटीने करूच नये. जाऊ, नणंद किंवा शेजारीण यांपैकी कोणाला तरी एका दुपारी बोलवावे, फरशीवर अस्तर उलटे अंथरून त्याच्या कडा चिकटपट्टीने ताणून बसवाव्यात, वर पोटातले थर व दर्शनी भाग पसरावा आणि मध्यापासून कडेकडे, वीतभर अंतराने कच्चे टाके घालावेत. तीनही गोधड्या त्याच दुपारी टाचून घेतल्या, तर पुढचे काम मांडीवर घेऊन बसण्याजोगे होते. गुडघे दुखत असतील तर दोन टेबले जोडून हेच करता येते.

कापणे आणि शिवणे यांचे दिवसही वेगळे ठेवावेत. मशीनवर बसणे लांबणीवर पडते, त्याचे कारण बहुधा असे असते की बसण्यापूर्वी रंग निवडायचे, इस्त्री करायची, मापे घ्यायची, कापायचे आणि मग कोठे सुईत दोरा ओवायचा. एका दिवशी फक्त निवड आणि कापणी करून जोड्या टाचणीने लावून ठेवल्या, तर इतर दिवशी अर्धा तास मिळाला तरी हात चालतो. उठताना शिवण पूर्ण करून न उठता पुढचा तुकडा मशीनच्या पायाखाली लावून ठेवावा.

मधून एखादे दुपटे शिवावे. ३६ इंची चौरस दुपटे मऊ मलमलीच्या दोन थरांत, दोन मीटर कापडात होते, आणि बारशाची तारीख आपण ठरवत नसल्याने ते वेळेवर पूर्णही होते. पूर्ण झालेली वस्तू घरातून बाहेर गेली की पुढच्या कामाला हुरूप येतो. खरेदीच्या बाबतीत शपथा घेऊ नयेत, त्या टिकत नाहीत. टाचून ठेवलेल्या गोधड्या संपेपर्यंत केवळ दोरा, सुया आणि कडेच्या पट्टीसाठी कमी पडणारे कापड एवढेच आणायचे, एवढे बंधन पुरे आहे.

प्रश्न : शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांच्या चार पिशव्या साठल्या आहेत. किती लहान तुकडा जपून ठेवावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दीड इंचापेक्षा अरुंद तुकडा जपू नये. दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया गेली की त्यातला जेमतेम इंचभर भाग दिसतो. असे तुकडे लोडात किंवा पायपुसण्यात भरावेत. त्याहून मोठ्या तुकड्यांचे चौकोन कापण्याच्या भरीस मात्र पडू नये, कारण वेड्यावाकड्या तुकड्यातून चौकोन काढताना पुन्हा चिंधीच उरते.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हळियाळच्या परिसरात राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंडी नावाची गोधडी शिवतात, ती या कामी फार उपयोगी पद्धत आहे. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात आणले गेले होते. कवंडीचा वरचा भाग आधी जोडून घेत नाहीत. अस्तर म्हणून जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून आरंभ करायचा आणि हाती येईल तो तुकडा कडा आत दुमडून धावदोऱ्याने थेट अस्तरावर शिवत कडेकडेने फिरत मध्याकडे यायचे. जोडणे, टाचणे आणि शिवणे ही तिन्ही कामे एकाच टाक्यात होतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर ‘फुला’ म्हणजे दुमडलेले तुकडे बसवतात. त्यांच्याशिवाय कवंडी पुरी झाली असे मानत नाहीत. मोजपट्टीचे भय असणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी.

आपल्याला मशीनच सोयीचे असेल, तर पट्ट्यांचे काम करावे : मधोमध एक लहान चौकोन आणि त्याभोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून याच धर्तीच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. त्यांतल्या कित्येक रेषा सरळ नाहीत, आणि मला त्या तशाच आवडतात.

प्रश्न : आईची तीन सुती नऊवारी लुगडी माझ्याकडे आहेत. त्यांची गोधडी करावी असे फार वाटते, पण कात्री लावण्याचा धीर होत नाही. येथे मिळणारे वॅडिंग वापरावे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कात्री जवळजवळ लागणारच नाही. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. एका लुगड्यातून पहिल्या उत्तरात दिलेल्या ६० बाय ९० इंच मापाचा एक थर निघून वर सुमारे सव्वातीन मीटर कापड उरते. तीन लुगड्यांत तीन थर होतात, म्हणजे तीन थरांची एक हलकी गोधडी.  लांबीत दोन-तीन ठिकाणी फाडावे लागेल, तेवढेच. जुने सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटते.

त्याआधी प्रत्येक लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. घडीच्या रेषांवर आणि जेथे ओचा खोचला जाई तेथे वीण विरलेली असते. विरलेला भाग पोटात जाईल असे थर लावावेत, किंवा त्यावर उरलेल्या कापडाचे ठिगळ द्यावे. काठ असलेली बाजू चारही कडांना आणली तर वेगळी पट्टी लावण्याचे काम वाचते.

वॅडिंग वापरू नये. त्याने गोधडी जाड होते आणि तिचा वापरून आलेला मऊपणा हाताला लागत नाही. शिवण हाताने, सुती दोऱ्याने घालावी. पॉलिस्टरचा चिवट दोरा विरलेल्या सुताला कालांतराने कापतो. धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर अंतर ठेवावे आणि कडेपासून आत, मध्याकडे जावे. पहिल्या वर्षी ती यंत्रात धुऊ नये. थंड पाण्यात भिजवून, न पिळता, आडवी पसरून सावलीत वाळवावी.