करार ३० जूनला संपतो, मग पुढे काय?

‘मुलगा सोळा वर्षांचा होतोय. फुटबॉलच्या लीग टूमधल्या एका क्लबच्या अकादमीत आहे, स्कॉलरशिप, म्हणजे अठरापर्यंतचा दोन वर्षांचा प्रशिक्षणाचा करार, मिळेल असं दिसतंय. पण अठराव्या वर्षी क्लबने नको म्हटलं तर? शिक्षणाचा विषय काढला की चिडतो. म्हणतो, तुझा माझ्यावर विश्वासच नाही.’ इंग्लंडमधल्या मिडलँड्सला राहणाऱ्या एका मराठी आईने हे विचारलं आहे.

ताई, मी वायव्य इंग्लंडमध्ये समुपदेशन करते आणि माझ्याकडे खेळाडूही येतात. त्यांतल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा, आतापर्यंत सहा क्लब. जगाला प्रीमियर लीगचे वीस क्लब दिसतात. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी चोवीस. या बहात्तर क्लबांमध्ये, विशेषतः तळाच्या लीग टूमध्ये, करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचे असतात आणि ३० जूनला संपतात. कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, याची यादी मे महिन्यात जाहीर होते. त्या यादीवर अख्ख्या घराचा पत्ता ठरतो.

मार्चमध्ये तो आला तो झोपेची तक्रार घेऊन. बोलताना फोन मांडीवर उलटा ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने सरळ करून बघायचा. एजंटचा फोन येईल म्हणून. मी घरचं विचारलं. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या मुलीचं सांगितलं. नव्या शाळेत गेली की ती आधी बाबाला विचारते, ‘इथे किती दिवस?’ उत्तर ऐकून मग ठरवते, मैत्रीण करायची की नाही. हे सांगताना त्याला रडू आवरेना.

पुढच्या एका भेटीत खरी गाठ सापडली. त्याला फिजिओथेरपी शिकायची होती. स्वतःच्या दुखापतींमुळे त्यातलं बरंच कळायचंही. प्रवेशाचा फॉर्म त्याने भरायला घेतला होता आणि पुसून टाकला होता. का? ‘ड्रेसिंग रूममध्ये कळलं तर म्हणतील, याचं मन उडालं. मॅनेजरच्या कानावर गेलं तर संघातली जागा जाईल.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आणि फॉर्म भरला म्हणजे मीच हार मानली, असं होईल.’

ही भीती मी हसण्यावारी नेली नाही. जिथे निम्म्या संघाचे करार एकाच दिवशी संपणार असतात, तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बारीक नजरेने बघत असतो. पण ताई, तुमचा मुलगा चिडतो त्याच्या मुळाशीही हेच आहे. पुढची तयारी म्हणजे आत्ताच्या खेळावर अविश्वास, असं दोघांनीही धरून ठेवलंय.

मुलं इथे फुटबॉलपटू जेमी वार्डीचं उदाहरण देतात. शेफिल्ड वेन्सडे क्लबने त्याला किशोरवयात सोडलं, २०१२ मध्ये तो लेस्टर सिटी क्लबात आला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकला. जिद्द ठेवा, एवढंच त्यातून सांगितलं जातं. पण स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबात खेळत असताना तो वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला जात होता. त्या कामाने त्याचा फुटबॉल हिरावून घेतला नाही. मला तर वाटतं, त्या पगारामुळेच तो तग धरून खेळू शकला.

माझ्याकडे आलेल्या खेळाडूने दोन गोष्टी केल्या. पीएफएला, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेला, फोन केला. १९०७ पासूनची ही संघटना खेळाडूंना शिक्षणासाठी मदत करते. सॅलफर्ड विद्यापीठात तर फिजिओथेरपी शिकलेले कितीतरी माजी फुटबॉलपटू आहेत. दुसरी गोष्ट घरात ठरली. नवरा-बायकोने बसून नक्की केलं की क्लब कुठलाही मिळो, मुलीची शाळा आता बदलायची नाही. एजंटला तसा निरोप गेला: गाडीने रोज जाऊन-येऊन होईल असेच क्लब बघ. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच एक निर्णय क्लबने नाही, त्यांनी घेतला होता. त्याची झोप सुधारली ती या निर्णयाने. मी दिलेल्या श्वासाच्या व्यायामांचा वाटा त्यात थोडाच.

मे महिन्यात क्लबने त्याला सोडलं. मॅनेजरच्या खोलीत पाच मिनिटांत विषय संपला. तयारी होती म्हणून दुःख कमी झालं असं नाही. जुन्या क्लबचा सामना टीव्हीवर लागला की तो अजून खोलीबाहेर जातो. पण उन्हाळ्यात त्याने सहाव्या स्तरावरच्या, नॅशनल लीग नॉर्थच्या एका क्लबशी अर्धवेळ करार केला. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, दिवसा कॉलेज. पगार बराच घटला. बायकोने शाळेतले कामाचे तास वाढवून घेतले. आता तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अजूनही खेळतो.

तर ताई, ‘नाही जमलं तर?’ हा प्रश्न मुलासमोर नका टाकू. त्यातलं ‘नाही’ तेवढं त्याला ऐकू येतं. अठराव्या वर्षी बहुतेक मुलांना व्यावसायिक करार मिळत नाही, हे त्यालाही माहीत असतं. अकादमीतल्या मित्रांना जाताना तो बघतोच की. त्यापेक्षा स्कॉलरशिपच्या त्या दोन वर्षांत काय शिकवणार, हे क्लबकडून समजून घ्या. लीग टूसह खालच्या तिन्ही लीगच्या क्लबांत या मुलांच्या शिक्षणाची आखणी लीग फुटबॉल एज्युकेशन ही संस्था करते. कोणता अभ्यासक्रम, त्यातून विद्यापीठाची वाट उघडी राहते का, दुखापतीच्या काळात अभ्यासाचं काय, एवढं सहीच्या आधी विचारायलाच हवं. बैठकीला तुम्ही जा, पण प्रश्न मुलाला विचारू द्या. आदल्या रात्री त्याच्याकडूनच ते कागदावर लिहून घ्या.