खुनी कोण, हे पहिल्याच पानावर कळले तर?

प्रश्न : मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त झालेला वाचक आहे. गेल्या वर्षी मी ३७ पुस्तके वाचली. त्यांतल्या २२ रहस्यकथा होत्या आणि १५ ‘वेस्टर्न’, म्हणजे घोडे, पिस्तुले आणि अमेरिकेतली अफाट कुरणे असलेल्या कादंबऱ्या. वहीत नोंदी करताना लक्षात आले की एक रहस्यकथा संपली की हात आपोआप वेस्टर्नकडे जातो, आणि ती संपली की पुन्हा रहस्यकथेकडे. मुलगा याला ‘टाइमपास’ म्हणतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बंद खोलीतल्या खुनाचा आणि उघड्या माळरानाचा संबंध तरी काय? दोन्ही प्रकार एकाच माणसाला इतके का आवडावेत, आणि या वर्षी पुढे काय वाचावे?

उत्तर : मुलाचा शेरा तूर्त बाजूला ठेवू, कारण आपला प्रश्न त्याच्यापेक्षा बराच चांगला आहे. या दोन प्रकारांचे नाते जुने आहे आणि ते आधी धंद्याचे आहे. न्यूयॉर्कच्या बीडल या प्रकाशनसंस्थेने १८६० मध्ये दहा सेंटला एक अशा स्वस्त, पातळ कादंबऱ्या काढायला सुरुवात केली आणि त्यांत सरहद्दीवरच्या लढवय्यांच्या गोष्टींची रेलचेल असे. पुढच्या दोन-तीन दशकांत अशाच स्वस्त मालिकांमध्ये शहरातले गुप्तहेर अवतरले आणि १८८६ मध्ये आलेला निक कार्टर तर कित्येक दशके टिकला. गिऱ्हाईक तेच होते, किंमतही जवळपास तीच होती. नायक तेवढा घोड्यावरून उतरून गॅसच्या दिव्यांच्या रस्त्यावर आला होता.

हे झाले विकणाऱ्यांचे. वाचणाऱ्याला दोन्ही का आवडतात, याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे की रहस्यकथेत कायदा शाबूत असतो आणि माहिती हरवलेली असते, तर वेस्टर्नमध्ये माहिती साऱ्या गावाला असते आणि कायदा हरवलेला असतो. रहस्यकथेत पोलीस, न्यायाधीश, तुरुंग असे सगळे जागच्या जागी तयार असते, फक्त आरोपपत्रात घालायला नाव मिळत नसते. वेस्टर्नमध्ये पाण्यावर कोणी कब्जा केला, कुंपण कोणी तोडले, गोळी कोणी घातली, हे दुकानदारापासून पोराटोरांपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण शेरिफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, एक तर दोनशे मैलांवर असतो किंवा त्याच गुन्हेगाराच्या ताटाखालचे मांजर असतो. म्हणून पहिलीत ‘कोणी केले’ असे आपण विचारतो आणि दुसरीत ‘आता उभे कोण राहणार’ असे. एकाच्या पोटी राहिलेली भूक दुसरा भागवतो, आणि आपला हात आळीपाळीने दोन्हींकडे जातो तो त्यामुळेच, असे मला वाटते.

याचा पुरावा मला लहानपणीच मिळाला होता. आमच्या गल्लीतल्या फिरत्या वाचनालयात ओलिव्हर स्ट्रेंजची ‘सडन’ या वेस्टर्न मालिकेतली पुस्तके असत. (१९३० मध्ये ही मालिका सुरू करणारा हा लेखक इंग्रज होता, हे पुढे कळले तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो.) त्यांपैकी एका पुस्तकाची शेवटची आठ-दहा पाने गळालेली होती, मी ते निमूटपणे वाचले आणि परत केले, कारण पुढे काय होणार हे मला दिसत होते. तीच गत एका रहस्यकथेची झाली, तेव्हा मात्र मी वाचनालयाच्या मालकाशी हुज्जत घातली आणि अनामत परत मागितली. ती मिळाली नाही.

या दोन्ही भुका एकाच पुस्तकात भागवणारे लेखकही झाले आहेत. शेरलॉक होम्स प्रथम दिसतो ती ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी १८८७ मध्ये आली. पूर्वार्धात लंडनमधले रिकामे घर, प्रेत आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेली अक्षरे आहेत; उत्तरार्धात लेखक वाचकाला एकदम उचलून अमेरिकेतल्या क्षारपड मैदानात नेऊन टाकतो, जिथे तहानेने मरणपंथाला लागलेला एक माणूस आणि एक लहान मुलगी वाट पाहत आहेत. होम्स कुठे गेला म्हणून अनेक वाचक इथे वैतागतात. आपण तो भाग स्वतंत्र वेस्टर्न म्हणून वाचून पाहा. गुन्ह्याचे मूळ तिकडे, कायदा पोहोचत नव्हता त्या प्रदेशात आहे, आणि उकल इकडे, जिथे तो पोहोचतो. आर्थर कॉनन डॉयलने तेव्हा अमेरिका पाहिलेलीही नव्हती; त्याचा पहिला दौरा झाला तो १८९४ मध्ये.

डॅशिएल हॅमेटची गोष्ट याच्या उलट आहे. त्याने १९१५ पासून काही वर्षे पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत प्रत्यक्ष नोकरी केली होती. त्याची ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) ही हेरकथा म्हणून विकली जाते. परंतु खाणमालकाच्या मुठीत असलेले गाव, संप मोडायला त्यानेच आणलेले आणि मग तिथेच ठाण मांडून बसलेले गुंड, विकले गेलेले पोलीस आणि बाहेरून आलेला एक बिननावाचा माणूस, ही मांडणी आपल्या पंधरा वेस्टर्नपैकी निदान पाच-सहांत आपण पाहिली असेल. गावाचे नाव पर्सनव्हिल असून लोक ते ‘पॉयझनव्हिल’ असे उच्चारतात, म्हणजे आपल्याकडे एखाद्या गावाला विषपूर म्हणावे तसे. ती न वाचलेली असल्यास यंदाची सुरुवात तिथून करावी.

त्यानंतर चार्ल्स पोर्टिसची ‘ट्रू ग्रिट’ (१९६८). चौदा वर्षांच्या मॅटी रॉसच्या वडिलांना त्यांच्याच गड्याने गोळी घालून मारले आहे, हे आरंभीच सांगितलेले आहे. खुन्याचे नाव, चेहरा, पळाल्याची दिशा, काहीही लपवलेले नाही. मुलगी फोर्ट स्मिथला येते आणि अशीलाने वकील नेमावा तसा एक मार्शल, म्हणजे केंद्राचा पोलीस अधिकारी, नेमते. पण मी आपल्याला त्यातला घोडेबाजाराचा प्रसंग मुद्दाम सुचवतो. वडिलांनी विकत घेतलेली तट्टे व्यापाऱ्याने परत घ्यावीत, शिवाय त्याच्या तबेल्यातून चोरीला गेलेल्या वडिलांच्या घोड्याची भरपाई द्यावी, असा तिचा दावा असतो. व्यापारी हसतो, चिडतो, अडून बसतो आणि ती मुलगी आवाज न चढवता, वकिलाचे नाव दर दोन वाक्यांनी काढत, त्याला रकमेवर आणते. आयुष्यभर कर्जदारांशी बोलणी केलेला माणूस हे पान दोनदा वाचल्याशिवाय उलटणार नाही. पिस्तुलाला अजून कोणी हात लावलेला नसतो, आणि तरी हातघाईचा एक प्रसंग होऊन गेलेला असतो.

वेस्टर्न वाचताना एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करू नये. या कादंबऱ्यांत मूळ रहिवासी पुष्कळदा टेकडीवर दिसणारे संकट म्हणूनच येतात, आणि काउबॉय बहुतेक गोरेच असतात. वस्तुतः गुरे हाकण्याची कला मेक्सिकन गुराख्यांकडून आली, ‘रांच’, ‘लॅसो’, ‘रोडिओ’ हे शब्दही स्पॅनिशमधूनच आले, आणि नेहमी दिला जाणारा अंदाज असा की चारांतला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता. म्हणून तिसरे नाव टोनी हिलरमनचे सुचवतो. १९७० च्या ‘द ब्लेसिंग वे’पासून सुरू झालेल्या त्याच्या मालिकेत जो लीपहॉर्न हा नॅव्हाहो या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या पोलीसदलातला अधिकारी आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ पावपट असलेला त्या जमातीचा वैराण प्रदेश मोजक्या पोलिसांनी सांभाळायचा, आणि खुनासारखा गंभीर गुन्हा घडला की केंद्राच्या एफबीआयने येऊन पुढारपण करायचे, अशी तिथली कायद्याची रचना आहे. लीपहॉर्न कोणाच्या घरी चौकशीला गेला तर दार ठोठावत नाही. घरापासून थोड्या अंतरावर गाडी उभी करतो आणि घरातले कोणी बाहेर येईपर्यंत स्वस्थ बसून राहतो, कारण तिथली रीत तशी आहे. त्या बसून राहण्यात तो जे पाहतो, त्यावर पुढची प्रकरणे चालतात. हिलरमन स्वतः नॅव्हाहो नव्हता. तरी १९८७ मध्ये त्या जमातीने त्याला आपला खास मित्र म्हणून गौरवले.

प्रश्न : वेस्टर्न कादंबऱ्यांत दोघे जण भर रस्त्यात समोरासमोर उभे राहून पिस्तुले काढतात. असे खरोखर होत असे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : क्वचित. याचे ठळक उदाहरण २१ जुलै १८६५ चे आहे. मिझुरीतल्या स्प्रिंगफिल्डच्या चौकात ‘वाइल्ड बिल’ हिकॉक आणि डेव्हिस टट हे सुमारे ७५ यार्डांवरून एकमेकांवर गोळी झाडायला उभे राहिले. वेळ दुपारची नव्हती, संध्याकाळची होती. आणि भांडण होते पत्त्यांच्या डावातल्या उधारीपोटी टटने उचलून नेलेल्या घड्याळाचे. टट मेला, हिकॉकवर खटला झाला आणि ज्यूरीने त्याला सोडले. एरवी गुरांच्या व्यापारावर जगणाऱ्या कॅन्ससमधल्या डॉज सिटीसारख्या गावांत हत्यार बाळगून हिंडायला बंदी असे, कारण दारू आणि पगार एकाच रात्री हाती आलेल्या तरुणांची दुकानदारांना पुरेपूर ओळख होती. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन येथील, गावचे पोलीस आणि काउबॉय यांच्यातली २६ ऑक्टोबर १८८१ ची प्रसिद्ध चकमकही अशाच बंदीहुकमाच्या अंमलबजावणीवरून पेटली. ती जेमतेम अर्धा मिनीट चालली. नंतरची न्यायालयीन चौकशी मात्र महिनाभर चालली, आणि कादंबरीकारांनी त्या महिन्यापेक्षा अर्ध्या मिनिटालाच अधिक पाने दिली.

द्वंद्वाची ही रीत रुजवण्याचे श्रेय ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) या कादंबरीकडे बरेचसे जाते. सूर्यास्तापूर्वी गाव सोड, अशी त्यातल्या खलनायकाची धमकी आपण नंतर किती ठिकाणी ऐकली असेल, याची मोजदाद करवत नाही.

प्रश्न : खुनी कळल्यावर रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचण्यात काय अर्थ? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पहिल्या वाचनात आपण लेखकाच्या मागून चालतो, दुसऱ्यात त्याच्या शेजारी बसून त्याचे हात पाहतो. शर्यतीचा घोडा नाहीसा होतो ती होम्सची ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) ही कथा घ्या. तबेल्यातल्या पहाऱ्यावरच्या पोराला मोलकरीण रात्रीचे जेवण नेऊन देते आणि त्या ताटात मसालेदार मटण आहे, असे लेखक जाता जाता सांगतो. पहिल्या वाचनात आपण हे वाक्य ओलांडून पुढे जातो, कारण जेवणात काय होते याच्याशी पळवलेल्या घोड्याचा काय संबंध? मग शेवटी उलगडा होतो की अफूची चव लपवायला तिखट रस्साच हवा होता, आणि त्या रात्री घरात काय शिजेल हे ठरवणे प्रत्येकाच्या हातात नव्हते. दुसऱ्यांदा वाचताना ते ताट मोलकरणीच्या हातातून जाताना दिसते आणि अंगावर काटा येतो. कुत्रा भुंकला नाही, या त्याच कथेतल्या गाजलेल्या धाग्यापेक्षा मला हे मटण अधिक थोर वाटते.

वाचनालयाच्या पुस्तकात बाराव्या पानावर कोणी पेन्सिलने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले आढळले, तरी पुस्तक परत करू नये. मला असे दोनदा आढळले आहे, आणि दोन्ही वेळा नाव चुकीचे होते.