आधी क्रेडिट्स, मग टर्म

अभिनंदन! अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत बॅचलर्स करायचं ठरवलंत, छान. फक्त सुरुवातीच्या तारखेची घाई नको. इथे फी विषयांवर नाही, सहा महिन्यांच्या टर्मवर असते. त्या मुदतीत जमतील तेवढे विषय संपवायचे. म्हणून दुसरीकडे पूर्ण करून इथे मान्य करून घेतलेला प्रत्येक विषय सोन्याचा.

बहुतेक जण चुकतात ते क्रमात. बाहेरची क्रेडिट्स, म्हणजे अशा विषयांचे डिग्रीत धरले जाणारे श्रेयांक, टर्म सुरू व्हायच्या आत पोचायला हवीत. मी सोफिया या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर दोन विषय पूर्ण केले आणि ट्रान्सक्रिप्ट (पूर्ण केलेल्या विषयांचा अधिकृत दाखला) पाठवायलाच विसरले! ते विषय मग पुन्हा केले. विषय संपला की लगेच पाठवा, आणि पोचल्याची खात्री करा.

आणखी दोनच गोष्टी:

- आधी तुमच्या डिग्रीची ट्रान्सफर यादी (बाहेरचे कोणते विषय चालतात ती) बघा, मग सोफिया किंवा तसल्याच स्टडी डॉट कॉमवरचा विषय निवडा. नुसती 'एसीई'ची (कोणत्या कोर्सला क्रेडिट द्यावं ते सुचवणाऱ्या अमेरिकन संस्थेची) शिफारस आहे म्हणून तो तुमच्या डिग्रीत बसेलच असं नाही. सोफियाचे पैसे महिन्यावर असतात, तेव्हा महिना मोकळा असेल तेव्हाच घ्या.

- मुंबई-पुण्याची मार्कशीट थेट चालत नाही. युनिव्हर्सिटीला मान्य असलेल्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्या, तेही 'कोर्स बाय कोर्स'. स्वस्तातल्या अहवालात विषयवार क्रेडिट्स नसतात, पैसे पाण्यात. इकडे येण्याआधी विद्यापीठातून सीलबंद प्रती काढून ठेवल्या असतील, तर अर्धी लढाई जिंकलात.

वेग कसा वाढवायचा वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. कुठली डिग्री ठरवलीय ते सांगा, यादी एकत्र बघू.